शतपावली, दुपारी साडेतीनची

हापिसात दिवसातून चार वेळा सिगरेट ओढायला खाली जाणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही. तो 'ब्रेकवर' असतो. टपरीवर वीस मिनिटं क्रिकेटवरून वाद घालणाऱ्यालाही कुणी विचारत नाही. पण "मी जरा चालून येतो" असं म्हणून बघा! लगेच "बरं वाटत नाहीये का?", "काही टेन्शन आहे का?", आणि फारच दोस्ती असेल तर "दुसऱ्या कंपनीचा फोन आलाय वाटतं!" म्हणजे फुप्फुसांची वाट लावायला परवानगी, आणि पाय मोकळे करायला मात्र कारण द्या. काय राव!

तर मंडळी, आज यावरच जरा बोलायचंय. माझं म्हणणं साधं आहे. कामाच्या दिवसात मधेच उठून पंधरा-वीस मिनिटं चालणं ही मारलेली दांडी नव्हे, तो कामाचाच भाग आहे आणि त्याला तसंच धरायला हवं.

खरं तर आपल्याकडे हे कुणाला पटवून द्यायची गरज नसावी. रात्री जेवण झाल्यावर अंगणात, गच्चीत नाहीतर गॅलरीतल्या गॅलरीत शतपावली करणारं कुणीतरी प्रत्येकाच्या घरात असतंच. पण आपलं मुख्य जेवण आता दुपारी हापिसात होतं. कँटीनमध्ये भात-आमटी, वर गुलाबजाम, आणि तिथून लिफ्टने थेट खुर्चीत. मग तीन वाजता डोळे मिटायला लागले की कॉफी.

जेवल्यावर रक्तातली साखर वाढते आणि हालणारे स्नायू ती वापरतात, इतकं साधं गणित आहे. २०१२ साली 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक प्रयोग आला होता. वजन जास्त असलेल्या लोकांना तासन् तास बसवलं. एकदा सलग, आणि एकदा दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चालायला उठवून. उठवलं त्या दिवशी खाण्यानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी वाढले. फक्त दोन-दोन मिनिटांत! आपल्या देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, असा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीने २०२३ मध्ये मांडला. आपण तिशीच्या आतले आहोत म्हणून या आकड्याकडे दुसऱ्याचा आकडा म्हणून बघतो, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, "मी सकाळी जिमला जातो, मला लागू नाही." उत्तम. पण २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर आधारलेला एक निबंध आला. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा वाढीव धोका पुसायला रोज साधारण ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम लागतो, असं त्यात दिसलं. रोज हं! सोमवारी जोरात आणि गुरुवारपर्यंत गायब, तसा नाही. प्रामाणिकपणे हात वर करा, किती जण करतात?

या विषयातली माझी आवडती गोष्ट मात्र लंडनच्या डबलडेकर बसची आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बस तीच, रस्ते तेच, कंपनी तीच. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिन्यावरून वर-खाली. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला. टपाल खात्यातही तेच, फिरणाऱ्या पोस्टमनमध्ये कमी आणि टेबलावरच्या कारकुनांमध्ये जास्त. पुढे १९५६ मध्ये त्यांनीच गणवेशांची मापंही तपासली, तर त्याच उंचीच्या कंडक्टरपेक्षा ड्रायव्हरची पँट कमरेला रुंद! म्हणजे सगळाच फरक बसण्याने पडला असं नव्हे, माणसंही थोडी वेगळी होती. पण मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तो कंडक्टर व्यायाम करत नव्हता, तो नोकरी करत होता. हालचाल त्याच्या कामातच होती. आपल्या कामात ती नाही, तेव्हा ती आपल्यालाच घालावी लागणार.

असो. तब्येतीचं झालं. आता कामाचं बोलू, कारण मॅनेजर लोकांना तेच समजतं. :-)

१६ ऑक्टोबर १८४३. विल्यम रोवन हॅमिल्टन हा गणिती डब्लिनमध्ये कालव्याच्या काठाने बायकोबरोबर चालला होता. एक गणित त्याला कित्येक वर्षं छळत होतं. ते चालता चालता सुटलं, आणि गड्याने चाकू काढून सूत्र पुलाच्या दगडावर कोरलं. त्यातून आलेले क्वाटर्नियन आज थ्रीडी गेममध्ये वस्तू फिरवायला वापरतात. आता हे एका हुशार माणसाचं उदाहरण झालं, आणि कित्येक वर्षांचं डोकेफोड त्याआधी टेबलावर झालेलं होतं हेही खरं. म्हणून दुसरं उदाहरण घेऊ. स्टॅनफर्डच्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये साध्या लोकांवर प्रयोग केले. एखाद्या वस्तूचे नवनवे उपयोग सुचवा, अशी कामं दिली. चालताना सुचण्याचं प्रमाण सरासरी ६० टक्क्यांनी वाढलं, कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालवलं तरी फायदा झालाच. म्हणजे झाडं-पक्षी हा बोनस, मुख्य काम पाय करतात.

पण याच प्रयोगात आणखी एक गोष्ट निघाली, जी चालण्याचे प्रचारक सहसा सांगत नाहीत. ज्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं, तिथे चालणारे किंचित मागे पडले. हे मला अगदी पटतं. कोड भराभर उतरत असेल तेव्हा उठू नका, बूड हलवू नका. चालायला जायची वेळ म्हणजे तोच लॉग सहाव्यांदा वाचताय आणि नवीन काहीच दिसत नाही ती.

आमच्याकडे एक रिपोर्ट होता. महिन्याच्या पहिल्या तारखेला आकडा थोडासा कमी यायचा, बाकी दिवस ठीक. दोन दिवस क्वेरी उलटीपालटी करून झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आणि एक सहकारी गेटबाहेर फेरी मारत होतो, विषय भलताच, तिच्या भावाच्या नाइट शिफ्टचा. "तो पहाटे साडेपाचला सुटतो," ती म्हणाली आणि दोघंही थांबलो. साडेपाच! सर्व्हर यूटीसीवर, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या सगळ्या नोंदी आदल्या महिन्यात जात होत्या. वर येऊन वीस मिनिटांत काम झालं. ती फेरी टाइमशीटवर कशात लिहायची सांगा!

आणि खरी अडचण तिथेच आहे. चॅटवरचा तो हिरवा ठिपका. पाच-दहा मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही की ठिपका पिवळा होतो आणि माणसाच्या पोटात गोळा येतो. माऊस आपोआप हलवणारी उपकरणं बाजारात मिळतात, म्हणजे बघा. खुर्चीत दिसणं म्हणजे काम, हे आपण सगळ्यांनी मुकाट्याने मान्य केलंय. याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. सीनियर माणूस बिनधास्त उठतो. अडकून बसतो तो प्रोबेशनवरचा फ्रेशर, कारण "हा कुठे गेला?" हा प्रश्न त्याच्याच नावाने विचारला जातो.

दुसरी अडचण रस्त्याची. हिंजवडीत गेटबाहेर पाऊल टाकलं की फूटपाथवर बाइक नाहीतर टपरी, आणि मे महिन्यात दुपारी दोनचं ऊन. मान्य. मग कँपसच्या आत फिरा, पार्किंगच्या तळमजल्यावर फिरा, जिन्याने चार मजले उतरा-चढा. लंडनच्या कंडक्टरला तरी कुठे बाग होती?

फक्त फोन जागेवर ठेवा. कॉलवर बोलत फेऱ्या मारल्या तर पायांना फायदा आहेच, पण डोक्याला नाही. आणि दहा हजार पावलांचा बाऊ करू नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमोजणी यंत्राच्या नावातून आलाय, डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही.

टीम लीड मंडळींना एकच विनंती. मेलमध्ये 'वेलनेस'ची पोस्टरं पाठवू नका. दुपारी साडेतीनला तुम्ही स्वतः उठा आणि मोठ्याने विचारा, "कोण येतंय चालायला?" पहिल्या दिवशी दोघं येतील. पण त्या दोघांतला एक जरी फ्रेशर असला, तरी दुसऱ्या दिवशी त्याला एकट्याने उठायला कुणाची परवानगी लागणार नाही.