आधी केल्ट ओळखा, मग गळ टाका

आपल्या मंडळात गळ टाकायला जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. टे, ट्वीड, स्पे, डी ही स्कॉटलंडमधल्या नद्यांची नावं आता आपल्या गप्पांत सहज येतात. रॉड कोणता घ्यावा, वेडर कुठे स्वस्त मिळतात, यावर तासन्‌तास बोलणं होतं. पण नदीवर उतरण्याआधी जो शब्द पक्का ठाऊक असायला हवा, तो मात्र कोणी विचारत नाही. तो शब्द म्हणजे ‘केल्ट’. ब्रिटनमधल्या प्राचीन केल्ट लोकांशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत दोन्हींचं पहिलं अक्षर वेगळं आहे, देवनागरीत ते सारखे दिसतात एवढंच.

केल्ट म्हणजे वीण उरकून समुद्राकडे परत निघालेला सॅमन. सॅमनच्या वयाच्या टप्प्यांना इंग्रजीत वेगवेगळी नावं आहेत. अंगावर बोटांच्या ठशांसारखे पट्टे असलेलं पिल्लू म्हणजे पार, समुद्राकडे निघताना चंदेरी होतो तो स्मोल्ट, समुद्रात एकच हिवाळा काढून परततो तो ग्रिल्स. पार आणि स्मोल्ट दिसायलाच लहान असतात, त्यामुळे ते घरी न्यायचा मोह कोणाला होत नाही. केल्ट मात्र फसवतो. तो चांगला हातभर लांब असतो आणि समुद्राकडे जाता जाता त्याच्या अंगाला पुन्हा चंदेरी चमक येते. नवख्या माणसाला वाटतं, नुकताच समुद्रातून वर आलेला ताजा मासा लागला!

टे नदीचा हंगाम १५ जानेवारीला उघडतो, ट्वीडचा १ फेब्रुवारीला. वीण साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झालेली असते, म्हणून हंगामाच्या पहिल्या आठवड्यांत गळाला लागणाऱ्या माशांत केल्टच जास्त असतात, आणि ते मेपर्यंतही भेटतात. ओळखायचा कसा? पोट पाहा. ताज्या सॅमनचं अंग भरलेलं असतं, केल्टचं पोट खपाटीला गेलेलं, डोकं धडाच्या मानाने मोठं. शेपटीची आणि परांची कड झिजलेली. गुदद्वार सुजून बाहेर आलेलं. कल्ला हलकेच उचलून पाहिला तर आत पांढुरके परजीवी चिकटलेले दिसतात. ते गोड्या पाण्यातच चिकटतात, म्हणजे हा मासा बराच काळ नदीत राहिला आहे. क्वचित भरल्या अंगाच्या ताज्या माशाच्या कल्ल्यातही ते सापडतात. तो मासा एकदा वीण करून, समुद्रात जाऊन, दुसऱ्यांदा परतलेला असतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. इंग्लंड आणि वेल्ससाठीच्या १९७५ च्या कायद्यानुसार वीण होण्याच्या बेतात असलेला, किंवा वीण होऊन अजून न सावरलेला मासा जाणूनबुजून धरणं हा गुन्हा आहे. चुकून गळाला लागला आणि शक्य तितकी कमी इजा करून पाण्यात सोडला, तर गुन्हा होत नाही. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यातही अशा माशाला संरक्षण आहे. स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलपूर्वी धरलेला प्रत्येक सॅमन सोडावाच लागतो, त्यामुळे तोवर चुकायला फारसा वाव नाही. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये होते.

आपल्यातले काही जण म्हणतात, केल्ट तसाही मरणारच, मग सोडून काय साधणार? पॅसिफिक महासागरातल्या सॅमनच्या बहुतेक जाती एकदा वीण झाली की मरतात, त्यावरून हा समज झालेला दिसतो. अटलांटिक सॅमनचं तसं नाही. बरेचसे मरतात हे खरं, नर तर फारच. पण थोडे जगतात आणि पुन्हा वीण करायला येतात, त्यांत माद्या जास्त असतात. मादी आपल्या वजनाच्या दर किलोमागे हजारापेक्षा जास्त अंडी घालते. डिसेंबर २०२३ मध्ये आययूसीएनने ग्रेट ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅमनची नोंद संकटग्रस्त म्हणून केली. अशा वेळी नदीत परत येऊ शकणारी एकेक मादी मोलाची आहे.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: आम्ही मासे खाणाऱ्या घरांतले, धरून सोडायचा खेळ आम्हाला पटत नाही. मला हे म्हणणं समजतं. पण केल्टच्या बाबतीत ते लागूच होत नाही. सॅमन नदीत शिरल्यावर खाणं जवळपास थांबवतो आणि महिनोन्‌महिने अंगातल्या चरबीवर जगतो. वीण झाल्यावर उरतं ते फिकट, पाणचट मांस. ते कालवणात घालायच्या लायकीचं नसतं. चवीसाठी तो मारण्यात अर्थ नाही आणि हौसेसाठी मारणं मला तरी गैर वाटतं.

कोकणातल्या वाचकांना पहिल्या पावसातले चढणीचे मासे आठवत असतील. अंडी घालायला ओढ्यांतून, शेतांतून वर चढणारे, गाबोळीने भरलेले मासे. रात्री बत्त्या घेऊन ते धरण्याची मजा आणि त्या गाबोळीची चव मीही विसरू शकत नाही. तरी आज माझं मत स्पष्ट आहे: विणीला निघालेला मासा तिथेही वर जाऊ द्यावा. इथे ब्रिटनमध्ये परतीच्या माशाला कायद्याने जपलं आहे, तो नियम आपण कुरकुर न करता पाळायला हवा.

नदीवर गिली, म्हणजे मासेमारीचा स्थानिक वाटाड्या, सोबत असेल तर पहिल्याच दिवशी त्याला केल्ट दाखवायला सांगा. उलटा काटा नसलेला गळ वापरा. मासा जाळीत आला की पाण्यातच ठेवा, हात ओले करूनच त्याला लावा, फोटोसाठी वर उचलू नका. तोंड प्रवाहाकडे करून, तो स्वतः निघेपर्यंत आधार द्या. आणि ताजा की केल्ट, अशी जरा जरी शंका आली, तरी केल्ट समजून सोडून द्या.