सरांचं देशीपण

भालचंद्र नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे. त्यांची ‘कोसला’ 1963 साली आली. इंग्रजी, मराठी, तौलनिक साहित्य शिकवत ते लंडनपर्यंत जाऊन आले, 2014चं ज्ञानपीठ मिळालं. आमच्या भागात त्यांना गुरू मानणारे मराठीचे प्राध्यापक पुष्कळ. मला बी.ए.ला शिकवणारे सर त्यातलेच एक.

वर्गात अहिराणी बोलणाऱ्या, भिली बोलणाऱ्या मुली होत्या. प्रमाण मराठीत चूक होईल म्हणून तोंडच न उघडणाऱ्या. सर म्हणायचे, आधी तुमच्या घरातला शब्द सांगा, पुस्तकातला मग बघू. वडील माझं शिक्षण थांबवायला निघाले, तेव्हा एस.टी.नं घरी येऊन त्यांच्याशी तीन तास बोलले तेही सरच. मी एम.एस.डब्ल्यू. झाले त्यात त्यांचा वाटा आहे. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी कृतघ्न म्हणायला नको.

खरं शिकवणं वर्गात होतच नसे. ते होई संध्याकाळी, सरांच्या ओट्यावर. तिथं फक्त मुलगे. आम्हाला मात्र ‘घरचे काय म्हणतील तुमच्या?’ अशी काळजीची भाषा. ओट्यावर चहा आणून देणाऱ्या सरांच्या पत्नी स्वतः मराठीच्या एम.ए. होत्या, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. ‘देशी’ या शब्दाचा अर्थ मी ज्यांच्याकडून शिकले त्यांच्या घरात देशी काय होतं, तर हे.

आता मी काठीला काम करते. इथली राजवाडी होळी पाहायला सर विद्यार्थ्यांना घेऊन येतात. मानता घेतलेले पुरुष पाळणी पाळतात, अंगभर नक्षी, डोक्याला मोरपिसं, कमरेला घुंगरू. रात्रभर नाच आणि पहाटे होळी पेटते. सर सांगताना गहिवरतात. ते खोटं नाही, मीही दरवर्षी गहिवरते.

पण याच डोंगरात एखाद्या घरी मूल दगावलं की बोट जातं एकट्या बाईकडे. विधवा असेल, नावावर जमिनीचा तुकडा असेल तर लवकरच. भगतानं नाव घेतलं की ती डाकीण. मग मारहाण, गाव सोडणं. 2013चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण पोलीस ठाण्यापर्यंत पोचायला आधी कुणीतरी सोबत चालावं लागतं. एका मुलीनं होळीच्या वेळीच सरांना विचारलं, “सर, डाकीणही देशीच ना?” सर म्हणाले, “तो समाजशास्त्राचा विषय आहे.”

मला राग आला तो या उत्तराचा. आपल्या मातीतलं घ्यायचं म्हटलं तर नाच साहित्यात आणि मार समाजशास्त्रात, ही वाटणी कोणी केली? शहाद्याकडे 1972 नंतर श्रमिक संघटनेच्या काळात आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्यांना जाब विचारला. त्याच चळवळीतले वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ 1987 साली आला. हेही इथलंच. सरांच्या तासाला आम्ही यातलं काही ऐकलं नाही.

प्रश्न विचारणारी ती मुलगी आता एम.ए. करते आहे. डाकीण ठरवलेल्या बायांकडून तिनं भिलीतून हकिगती लिहून घेतल्या आहेत, प्रबंधासाठी. सर मार्गदर्शक व्हायला तयार आहेत, पण शीर्षक हवं ‘लोककथेतील डाकीण’. सरांकडेच करू का, असं तिनं मला विचारलं. मैत्रिणींनो, तिच्या गटातल्या काहींचं मत होतं, सोडून दे असल्या माणसाला. मला ते पटत नाही. बोलीतल्या लिखाणाला हसणार नाही असा दुसरा मार्गदर्शक तिला जवळपास कुठे मिळणार? सरांनीच शिकवलेलं त्यांच्याकडून मागून घ्यायला काय हरकत आहे? फक्त हकिगतींना कथा म्हणायचं नाही, बायांची आणि गावांची नावं लपवायची, आणि प्रत्येकीला तिचं लिहिलेलं आधी वाचून दाखवायचं. मार्गदर्शनासाठी सरांकडे जायचं ते ओट्यावर, संध्याकाळी, मुलग्यांच्या बरोबरीनं बसून.

ती दोनदा जाऊन आली. दुसऱ्या वेळी सरांच्या पत्नी चहा ठेवून आत गेल्या नाहीत, बसून वाचत राहिल्या. शीर्षक तिनं बदललेलं नाही. सरांची सही अजून व्हायची आहे.