आकडा छापा, पण तो कसा मोजला तेही छापा

चौकातल्या फलकावर नायट्रोजन डायऑक्साइडचा आकडा दिसला की मला आधी विचारावंसं वाटतं: कुठल्या यंत्रानं, किती उंचीवर, रस्त्यापासून किती लांब? महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना गच्चीवरचं हवा-तपासणी केंद्रही मी सांभाळत असे.

आमचं काम हातानं चाले. काचेच्या इम्पिंजरमध्ये सोडियम आर्सेनाइट मिसळलेलं ३० मिलिलिटर द्रावण भरायचं, चार तास त्यातून हवा खेचायची, मग दुसरा इम्पिंजर लावायचा. रात्री-अपरात्रीही कुणीतरी जिना चढायचंच. प्रयोगशाळेत पुढची रसायनं घातली की द्रावणाला गुलाबी रंग चढे; वायू जास्त तितका रंग गडद. हे आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला १०४ दिवस. उरलेल्या २६१ दिवसांची हवा नोंदवहीत यायचीच नाही.

स्वयंचलित यंत्रांनी ही उणीव भरून काढली, याचा मला आनंद आहे. पण या यंत्राला थेट कळतो तो नायट्रिक ऑक्साइड. ओझोनशी त्याची गाठ पडली की मंद प्रकाश निघतो, तो यंत्र मोजतं. डायऑक्साइड मोजायचा तर आधी तीनशे अंशांवर तापवलेल्या मॉलिब्डेनमवरून, म्हणजे कन्व्हर्टरमधून, नेऊन त्याचा नायट्रिक ऑक्साइड करावा लागतो, आणि मग मूळच्या नायट्रिक ऑक्साइडची वजाबाकी. अडचण अशी, की मॉलिब्डेनम नायट्रिक आम्लासारख्या इतर संयुगांचंही तेच करतं. ही संयुगं उन्हात तयार होतात, म्हणून दुपारी आकडा फुगण्याचा धोका जास्त. नेमका दुपारी दीडच्या सुमाराला हाच वायू मोजणारा सेंटिनेल-५पी उपग्रह डोक्यावरून जातो. तो जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेचा एकत्रित हिशेब देतो, आणि पावसाळ्यात ढगांखालचं त्याला दिसत नाही. या दोन आकड्यांची तुलना करताना फार जपायला हवं.

मला सर्वांत जास्त खुपतं ते रस्त्याकडेचं मोजमाप. गाड्यांच्या धुराड्यातून मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो आणि ओझोन भेटला की काही मिनिटांत त्याचा डायऑक्साइड होतो. त्यामुळे रस्त्यालगतची हवा आणि शे-दोनशे मीटर आतली हवा वेगळी असते. आपल्या केंद्रांची हवा खेचणारी नळी ३ ते १० मीटर उंचीवर असते. सिग्नलला स्कूटरवर पुढे उभं राहिलेलं पोर त्याच्या कितीतरी खाली श्वास घेतं. त्यात आपल्या २००९च्या मानकांत २४ तासांची मर्यादा आहे, ८० मायक्रोग्रॅम, आणि वर्षाची ४०, तासाची नाहीच. सकाळच्या गर्दीचा तडाखा दिवसाच्या सरासरीत विरून जातो. जागतिक आरोग्य संघटना तासाला २०० ही मर्यादा सांगते आणि वर्षाची सरासरी तर २०२१ पासून १० वर आणली आहे.

म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी नळीची उंची, रस्त्यापासूनचं अंतर, कन्व्हर्टरचा प्रकार, शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख आणि यंत्र बंद राहिलेले तास छापावेत. मोठ्या शहरांत निदान एका रस्त्याकडेच्या केंद्रावर तरी मॉलिब्डेनमऐवजी प्रकाशानं डायऑक्साइड फोडणारा कन्व्हर्टर बसवावा. आणि शाळांच्या फाटकांवर वायू आपोआप शोषून घेणाऱ्या पॅसिव्ह नळ्या टांगाव्यात. त्यांना वीज लागत नाही, खर्चही थोडा. त्यांचं मोजमाप ढोबळ असतं, तेव्हा काही नळ्या मुख्य यंत्राशेजारी लावून ताळा घ्यायचा. चांगली प्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला हे काम झेपेल. महापालिकांनी त्यांना येत्या हिवाळ्याआधीच बोलवावं.