एका मोबाईलचे पाच प्रेक्षक
(बी. ए. द्वितीय वर्ष)

२० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्हज’ ही आपली ओटीटी सेवा सुरू केली. दूरदर्शनचा जुना ठेवा आणि मराठीसह अनेक भाषांतले कार्यक्रम आता मोबाईलवर आले. खासगी कंपनीचे ॲप आवडले नाही तर आपण पैसे भरणे थांबवतो, याहून अधिक काही करू शकत नाही. ही संस्था मात्र जनतेच्या पैशांवर चालते. देशातील निरनिराळ्या प्रदेशांच्या संस्कृतीला व भाषांना पुरेसे स्थान द्यावे, हे कर्तव्य १९९० च्या प्रसार भारती कायद्यानेच तिच्यावर सोपविले आहे. तेव्हा अशी सेवा प्रेक्षकांच्या गरजेप्रमाणे नव्याने रचायची झाली, तर गोंदिया जिल्ह्यातील प्रेक्षकानेही दोन शब्द सांगावेत. तो आगाऊपणा ठरू नये.

मित्रहो, मुळात प्रेक्षक म्हणजे कोण? ओटीटीची रचना करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक माणूस, त्याचा स्वतःचा मोबाईल आणि त्याची स्वतःची खोली असते. आमच्या घरी आजी, माय, बाबा, धाकटा भाऊ व मी अशी पाच माणसे आणि स्मार्टफोन एक. तो दिवसभर बाबांच्या खिशात असतो. रोवणीच्या दिवसांत बांधीवर जातो आणि चिखलाचे शिंतोडे घेऊन संध्याकाळी घरी येतो. मग भाऊ क्रिकेट पाहतो, बाबा धानावरच्या किडीची माहिती पाहतात, आजी कीर्तन ऐकते. ॲपला वाटते, हा सारा एकच माणूस! अशा विचित्र माणसाला पुढे काय दाखवावे, हे त्या बिचाऱ्या यंत्राला कळेनासे होते.

यावर कोणी म्हणेल, एका खात्यात प्रत्येकासाठी वेगळा कप्पा करण्याची सोय नेटफ्लिक्सने २०१३ मध्येच केली. खरे आहे. पण त्या कप्प्यावरचे नाव आजीने वाचायचे कसे? आमच्या घरात महाविद्यालयात जाणारी मी पहिलीच. पडद्यावरची अक्षरे वाचण्याचे काम माझ्याकडे, म्हणजे मी कॉलेजला निघाले की आजीचे कीर्तन बंद. तिला हवा आहे स्वतःचा फोटो. त्यावर बोट ठेवले की तिच्याच बोलीत विचारणारा आवाज यावा आणि ती बोलेल ते त्या यंत्राला समजावे. ‘झाडीबोली’ हा शब्द उच्चारला की शहरातल्या काहींना हसू येते, परंतु आजीला दुसरी भाषा नाही. जिल्ह्यात पोवारी आहे, गोंडी आहे. त्यांचे काय?

दुसरी गोष्ट डेटाची. दिवसाला दीड जीबी मिळतो, त्यातला बराचसा संध्याकाळपर्यंत भावाने संपवलेला असतो. किराणा दुकानदार माल तोलण्याआधी भाव सांगतो. तसे अर्ध्या तासाचा कार्यक्रम किती डेटा खाईल, हे आधी ठळक लिहावयास काय हरकत आहे?

प्रेक्षकाला आधी विचारण्याची ही कल्पना माझी नव्हे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचविण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. आपल्या शेजारच्या रायपूरकडील गावेही त्यात होती. गावाला एक संच, भोवती सारा गाव. त्याच काळात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात इस्रोच्या लोकांनी गावकऱ्यांत बसून, त्यांच्या अडचणी ऐकून, त्यांच्याच चरोतरी बोलीत कार्यक्रम केले. १९८४ मध्ये या प्रकल्पाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पन्नास वर्षांपूर्वी एका संचापुढे गाव बसतो हे ज्यांना उमगले, त्यांच्या वारसांना एका मोबाईलपुढे कुटुंब बसते हे उमगू नये?

कंपन्यांना आपली गरज कळत नाही असे नाही. पण त्या आपली गरज आणि आपला वेळ यांत गल्लत करतात, तीही जाणूनबुजून. आमची स्पर्धा माणसाच्या झोपेशी आहे, अशा अर्थाचे उद्गार नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी २०१७ मध्ये काढले होते. एक भाग संपण्याच्या आत दुसरा सुरू होतो, यात प्रेक्षकाची कसली गरज? परीक्षेच्या दिवसांत ते आपल्याला चांगलेच ठाऊक आहे.

आता माझ्या मनातली मुख्य मागणी. दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीच्या सुमारापर्यंत झाडीपट्टीत रात्र रात्र नाटके चालतात. वडसा हे त्यांचे केंद्र. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण पावसाळ्यात, लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीला किंवा नागपूर-पुण्याला कामाला गेलेल्या पोराला ही नाटके पाहावीशी वाटली तर त्याने कुठे जावे? सार्वजनिक ओटीटीवर झाडीपट्टीचे स्वतंत्र दालन हवे.

मोबाईलवरचे नाटक हे नाटकच नव्हे, असे कोणी म्हणेल. ते मला अर्धे पटते. त्याहून मोठी भीती तिकिटांची आहे. घरबसल्या नाटक मिळाले तर मंडपात कोण येईल? गावच्या मंडळाने कर्ज काढून प्रयोग ठरवलेला असतो. म्हणून माझे म्हणणे असे की, चालू हंगामातले नाटक मुळीच दाखवू नये, मागच्या हंगामातले दाखवावे, तेही होळी ते पोळा एवढ्याच काळात. आणि पैसे निर्मात्याबरोबर नट, वादक व पडदे ओढणाऱ्यापर्यंत पोहोचावेत. किती, कसे, हे वडशाच्या कंपन्यांना व गावोगावच्या मंडळांना विचारूनच ठरवावे लागेल. त्यासाठी दिल्ली-मुंबईच्या साहेबांनी डिसेंबरातली एक रात्र आमच्या बरोबर सतरंजीवर बसून काढावी. घोंगडे मात्र ज्याचे त्याने आणायचे असते.