आधी पत्ता, मग उपचार

चाकणच्या कारखान्यात कामगार कोसळला, की सहकारी १०८ लावतात. फोन वाजतो पुण्यात, औंधच्या नियंत्रण कक्षात. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे. पहिला प्रश्न असतो, ‘कुठे?’ आणि तिथेच घोडे अडते. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे भागात कारखान्याचा पत्ता म्हणजे गट क्रमांक. परराज्यातून नुकताच आलेला कामगार ‘कंपनीच्या गेटजवळ’ एवढेच सांगू शकतो.

हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या कोंडीत रुग्णवाहिकाही अडकते. अशा वेळी फोनवरचा आवाज हाच पहिला उपचार. रुग्ण शुद्धीवर आहे का? श्वास नीट चालू आहे का? दोन्हीचे उत्तर ‘नाही’ आले, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाब द्यायला सांगायचे.

हे काम नुसते फोन उचलण्याचे नाही. त्याला प्रशिक्षण हवे, परप्रांतीयांच्या भाषा हव्यात आणि दिवसभर आक्रोश ऐकणाऱ्या मनाला विश्रांतीही हवी. कारखान्यांनी निदान गट क्रमांक, गाव आणि जवळची खूण प्रत्येक विभागात ठळक लिहून लावावी. रुग्णवाहिकेला वाट दाखवायला गेटवर माणूस उभा करावा. त्याला खर्च जवळपास नाही; वाचतात ती मिनिटे.