वेष्टन की विधान?

आमचे एक संगीतप्रेमी स्नेही नुकतेच मोठे घर सोडून लहान घरात राहावयास गेले. जाण्यापूर्वी त्यांनी तीस वर्षांत जमविलेल्या सर्व तबकड्यांतील संगीत संगणकात उतरवून घेतले, आणि तबकड्या वेष्टनांसकट रद्दीवाल्याच्या हवाली केल्या. आम्ही हळहळलो, तेव्हा ते हसून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, नाद आम्ही ठेवला, पुठ्ठा तेवढा दिला. त्यात बिघडले काय?" या उत्तरावर जमलेली मंडळी खूष झाली. आम्ही त्या वेळी गप्प राहिलो. त्या मौनाचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहो.

प्रतिपक्षावर अन्याय होऊ नये म्हणून त्याचे म्हणणे प्रथम मांडू. संगीत हे कानाचे. डोळ्यांचा त्याशी संबंध नाही. वेष्टनावरील चित्र हे दुकानदाराने ग्राहकासाठी लावलेले आमिष होय. वादकाचे घर, त्याची पत्नी, त्याचे खाजगी फोटो यांचा स्वरांशी काय संबंध? बांधणी पाहून ग्रंथ विकत घेणाऱ्यास आपण वाचक म्हणत नाही, मग वेष्टन जपणाऱ्यास रसिक का म्हणावे?

या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, आणि तो आम्ही आरंभीच मान्य करतो. पूर्वी मिनिटास ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बहुधा साध्या कागदी पाकिटांतून विकल्या जात. अनेक तबकड्यांचा संच असला, तर ती पाकिटे फोटोंच्या संग्रहाप्रमाणे एकत्र बांधीत. 'आल्बम' हे नाव तेथूनच आले. १९४० साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीच्या अलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने अशा संचांवर चित्रे छापावयास आरंभ केला, आणि त्यामागील हेतू खप वाढविण्याचाच होता. १९४८ साली दीर्घ वादनाची तबकडी निघाली, आणि चित्रकारास सुमारे १२ इंचांचा चौरस मिळाला. म्हणजे वेष्टनाचा जन्म बाजारात झाला, हे खरे. परंतु बाजारात जन्मलेली वस्तू जन्मभर बाजारूच राहते, हा सिद्धांत कोणी ठरविला? आमच्या शाहिरांनी पोवाडे बिदागीसाठी गाइले. म्हणून त्यांतील इतिहास कोणी रद्दीत टाकला नाही.

मुद्दा उदाहरणानेच स्पष्ट होईल. अमेरिकेतील जॅझ संगीताचा थोर ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस (१९२६-१९९१) हा कृष्णवर्णी होता. १९५७ साली त्याची 'माइल्स अहेड' ही तबकडी निघाली, तेव्हा कंपनीने वेष्टनावर शिडाच्या होडीत बसलेली एक गौरवर्णी स्त्री आणि एक मूल छापले. त्या स्त्रीचा संगीताशी काडीचाही संबंध नव्हता. माल गोऱ्या ग्राहकास विकावयाचा, तर मुखवटाही गोराच हवा, एवढाच त्याचा अर्थ. डेव्हिसने कंपनीच्या अधिकाऱ्याजवळ नापसंती बोलून दाखविली. पुढील आवृत्त्यांवर त्याचा स्वतःचा फोटो आला. आमच्या स्नेह्यांस आम्ही विचारतो: वेष्टन जर निव्वळ पुठ्ठा, तर त्या पुठ्ठ्यावर कृष्णवर्णी वादकाचे मुख छापावयास प्रथम कंपनीचा हात का धजला नाही? ज्या जागेवरून भांडण होते, ती जागा रिकामी नसते.

दोन वर्षांनी, १९५९ च्या ऑगस्टमध्ये, याच डेव्हिसचा न्यूयॉर्कमधील बर्डलँड क्लबात कार्यक्रम होता. मध्यंतरात तो क्लबाच्या दारापाशी उभा असता पोलिसांनी त्याचे डोके फोडले. नाद पोलिसांस ऐकू आला नाही; त्यांना दिसली ती कातडी. हे ध्यानात ठेवून १९६१ सालची 'समडे माय प्रिन्स विल कम' ही तबकडी हाती घ्यावी. तिच्या वेष्टनावर एका सुंदर कृष्णवर्णी तरुणीचे मुख आहे. ती कोणी भाड्याने आणलेली सुंदरी नव्हे; डेव्हिसची पत्नी, नर्तकी फ्रान्सिस टेलर ती हीच. आपल्या वेष्टनांवर कृष्णवर्णी स्त्रियाच असाव्यात असा आग्रह त्याने कंपनीजवळ धरला होता, हे त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवले आहे. फ्रान्सिसच्या नावावर कोटी करणारी एक रचनाही त्याच तबकडीत आहे.

आता तबकडीच्या नावाकडे वळू. ज्या गीतावरून हे नाव आले, ते १९३७ सालच्या डिस्ने चित्रपटातील. आमच्या मुलांस 'हिमगौरी आणि सात बुटके' या नावाने परिचित असलेल्या कथेतील. राजपुत्राची वाट पाहणारी ती नायिका बर्फासारखी गोरी. तिचा गोरेपणा तिच्या नावातच आहे. हिमगौरीचे गाणे डेव्हिसने घेतले आणि हिमगौरीच्या जागी आपली कृष्णवर्णी पत्नी बसविली. हे ट्रंपेटातून सांगता आले नसते. ते वेष्टनानेच सांगितले, आणि ते पाहिल्यावर आतील स्वरांसही निराळा अर्थ येतो. मग वेष्टन हे त्या कृतीचे अंग की अडगळ? हा प्रश्न अमेरिकेचा म्हणून दूर सारू नये. ज्या समाजात वधूच्या जाहिरातीत शिक्षणाच्या जोडीने 'गोरी' हे विशेषण आजही छापले जाते, त्या समाजास त्या मुखचित्राचा अर्थ उलगडून सांगावा लागेल असे आम्हांस वाटत नाही.

परंतु इतक्यावर थांबून टाळ्या घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. फ्रान्सिस टेलर ही स्वतः नामांकित कलावती होती. १९५७ साली ब्रॉडवेवर आलेल्या 'वेस्ट साइड स्टोरी' या गाजलेल्या संगीत नाटकात तिची भूमिका होती. ती तिने पतीच्या हट्टापायी सोडली. तो तिच्यावर हात टाकीत असे, हेही त्याने पुढे आपल्या आत्मचरित्रात कबूल केले. १९६५ साली 'ई. एस. पी.' या तबकडीच्या वेष्टनावर पती-पत्नी दोघांचा फोटो आला, आणि त्याच वर्षी ती त्याला सोडून गेली. पुढील वेष्टनांवर इतर स्त्रिया आल्या: १९६७ साली अभिनेत्री सिसिली टायसन, आणि त्यानंतर १९६८ साली ज्या बेटी मेब्रीशी त्याने विवाह केला ती. ही वेष्टने ओळीने मांडली तर एका घराचे चरित्रच समोर येते.

येथे आमचे स्नेही म्हणतील, "पाहा! म्हणूनच आम्ही म्हणतो, चित्रे टाका, नाद ठेवा." आमचे म्हणणे नेमके उलट आहे. जिला रंगमंचावरून खाली उतरविले तिलाच वेष्टनावर चढविले, ही गोष्ट नादावरून कोणास कळली असती? ज्या वेष्टनाने एका वंशाचा सन्मान केला, त्याच वेष्टनाने एका स्त्रीचा मान कोठवर राखला, हा प्रश्न वेष्टन हाती असेल तरच विचारता येतो. दर्शनी बाजूस मुख तिचे आणि नाव त्याचे. पुठ्ठा रद्दीत गेला की तिचे मुखही जाते, आणि उरतो केवळ त्याचा ट्रंपेट. असा 'शुद्ध नाद' कोणाच्या सोयीचा आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

वेष्टन हे विधान आहे, आणि विधान करणाऱ्याने त्याची जबाबदारी घेतली पाहिजे. आपल्या घरातील माणूस ज्याने चित्ररूपाने जगापुढे मांडला, त्याला "माझे फक्त संगीत पाहा" असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. तसेच, ज्या रसिकाने ते चित्र पाहिले, त्याला ते देव्हाऱ्यात मांडण्याचाही अधिकार नाही आणि फेकून देण्याचाही नाही. ग्रंथाची प्रस्तावना आपण जशी वाचतो, म्हणजे आदराने, पण ग्रंथकाराचा प्रत्येक शब्द खरा न मानता, तसेच वेष्टन वाचावे.

आज संगीत दूरध्वनी-यंत्रातून ऐकले जाते, आणि १२ इंचांचे चित्र अंगठ्याच्या नखाएवढे झाले आहे. आमच्या वर्गातील मुलांस आम्ही 'समडे माय प्रिन्स'चे ते इवलेसे चित्र दाखवून विचारले, "ही कोण?" एकाने सांगितले, "कोणी मॉडेल असेल." त्या मुलाचा दोष नाही, नखाएवढ्या चित्राखाली त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. दोष आमचा, म्हणजे संगीतावर लिहिणाऱ्यांचा आहे. रागाची चर्चा आम्ही चार पाने करतो. वेष्टनावर कोण आहे, तिला तेथे कोणी बसविले, फोटो कोणी घेतला, याविषयी एक ओळही लिहीत नाही. ती ओळ यापुढे लिहिली गेली पाहिजे.

राहता राहिले आमचे स्नेही. त्यांनी नाद ठेवला आणि पुठ्ठा दिला, असे त्यांस वाटते. आमच्या मते त्यांनी उत्तर ठेवले आणि प्रश्न रद्दीत दिला.