शंभर चिंचोके

वीकेंडला कराड म्हणजे माझा प्लॅन फिक्स असतो. उशिरा उठायचं, आत्याच्या हातचं हादडायचं आणि संध्याकाळी प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेकडे बघत बसायचं. गेल्या शनिवारी मात्र आत्याने मला चक्क शाळेत नेलं. ती नववीला मराठी शिकवते. म्हणाली, "बघ तरी, माझी पोरं काय करतायत!"

पोरं 'संगीत शारदा' करत होती. १८९९ सालचं नाटक! मी मनातल्या मनात एक जांभई दिली. "तोंड वाकडं करू नकोस," आत्या म्हणाली. "आपल्याच कृष्णाकाठचं आहे. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे."

गोष्ट तुम्हाला साधारण माहीत असेलच. पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाला कोवळी शारदा बायको म्हणून हवी. भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थ. आणि बाप कांचनभट पैशांसाठी पोर द्यायला तयार.

आता वर्गात काहीजण घडाघडा वाचणारे, तर काही जोडाक्षराला अडखळणारे. आत्याची आयडिया सॉलिड होती. वाचणाऱ्यांनी संवाद वाचायचे, बाकीच्यांनी प्रसंग करून दाखवायचे. मग प्रत्येक गटाला १०० चिंचोके. फरशीवर खडूची वर्तुळं, एकेका पात्राचं एकेक. ज्याचा जितका दोष, तितके चिंचोके त्याच्या वर्तुळात. इथे हुशार-ढ असं काही नाहीच!

आधी सगळा ढीग भुजंगनाथाकडे. मग "बाप नाही म्हणाला असता तर?" यावर जुंपली आणि चिंचोके सरकले. तेवढ्यात, मघाशी वाचताना घाम फुटलेल्या एका मुलाने खडू उचलला आणि एक मोठ्ठं वर्तुळ काढलं. "बाई, आन् जेवाय आलेली मानसं?"

वर्ग शांत. मी गार.

कारण काही वर्षांपूर्वी मीही अशाच एका लग्नाला गेलो होतो. नवरी फार तर सोळाची. शेजारच्याला हळूच विचारलं, तर तो म्हणाला, "आपल्याला काय करायचंय?" मला ते पटलं. मी जिलेबी वाढून घेतली, पाकीट दिलं आणि पुण्याला परत आलो.

आत्या मुलांना कायदा सांगत होती. १९२९ मध्ये मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरलं, १९७८ मध्ये ते १८ झालं. २००६ च्या कायद्यात सज्ञान नवरा, लग्न लावणारे, ठरवणारे, इतकंच काय, बालविवाहाला हजर राहणारेही येतात. २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. म्हणजे त्या मुलाचं वर्तुळ कायद्यातही आहे!

नाटकात लग्न मोडतं, पण ते नवरा-नवरी सगोत्र निघतात म्हणून. आज 'मुलगी लहान आहे' एवढं कारण पुरतं. फक्त ते कुणीतरी वेळेत बोलावं लागतं.

तर मंडळी, लग्नाच्या पत्रिका येतील. जिलेबी जरूर खा. पण स्टेजवरची नवरी दहावीच्या बाकावरून उठून आल्यासारखी वाटली, तर आधी १०९८ फिरवा. मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

मी तेव्हा फिरवला नव्हता.